छत्रीखालची फरशी

"चार!" चेला ओरडला आणि फरशीवर खडूने चार लिहिला. "दोन!" पुढच्या फरशीवर दोन. "सहा!"

बंद पडलेल्या गोदामाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीपासून फाटकापर्यंत फरश्यांची एकच लांबलचक ओळ होती. साबणाच्या वडीएवढा लाकडी फासा गर्दीतून हातोहात फिरत होता. ज्याच्या हाती येईल त्याने तो टाकायचा, पडेल तो आकडा चेल्याने गळा फाडून सांगायचा आणि पुढच्या फरशीवर लिहायचा. पाऊलमहाराज मात्र डोळे मिटून, ओठ हलवत, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत जप करत बसलेले.

शेवटची फरशी लिहून झाली. महाराजांनी डोळे न उघडताच चेल्याच्या कानात काही पुटपुटलं. चेल्याने नेमकी एक फरशी गाठून तिच्यावर लाल छत्री रोवली.

"लेकरांनो," महाराज म्हणाले, "पहिल्या सहा फरश्यांतली मनाला येईल ती निवडा. जेवढा आकडा तेवढ्या फरश्या पुढे जा. तिथला आकडा बघा, पुन्हा तेवढ्या पुढे जा. फासा तुमचा, मन तुमचं, पाय तुमचे. पण चालवणारा कोण?"

"पाऊलमहाराज!" गर्दी गरजली.

माणसं एकामागून एक निघाली. कुणी पहिलीवरून, कुणी चौथीवरून, कुणी सहावीवरून. जिथून पुढे जायला फरश्या पुरेनात, तिथे प्रत्येक जण थांबला, आणि थांबला तो छत्रीखालीच. बायका रडू लागल्या. एक आडदांड ट्रकवाला महाराजांच्या पायांवर आडवा झाला.

मी शाळेत गणित शिकवते. असल्या ठिकाणी माझं डोकं आधीच तापलेलं असतं. मी मुद्दाम, नाक मुरडत, पाचव्या फरशीवरून निघाले आणि मुकाट्याने छत्रीखाली जाऊन उभी राहिले. असा संताप आला म्हणून सांगू! त्याहून मोठा संताप याचा, की हे कसं झालं ते मला कळेना.

तिथे मी हौसेने गेले नव्हते. आमच्या वर्गातली टिकटिक मला घेऊन गेली होती. तिचे वडील घड्याळजी, म्हणून तिचं हे नाव. त्यांना काचबिंदू झालेला. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली वाचवायची तर ऑपरेशन आत्ताच करा. सोमवारचा दिवस ठरला. आणि मग ते या अंगणात येऊन तीनदा चालले, तीन निरनिराळ्या फरश्यांवरून, आणि तिन्ही वेळा छत्रीखाली पोचले. महाराज म्हणाले, "तुझी पावलं माझी झाली, आता डोळेही माझे. सुरी लावू देऊ नकोस." त्या दिवसापासून डोळ्यांत टाकायचे थेंबही बंद.

"बाई, बाबांना आता कडेचं काहीच दिसत नाही," टिकटिक म्हणाली. "काल दुकानात माझ्यावरच आदळले. मी काही बोलले की म्हणतात, मग छत्रीखाली कसा पोचलो ते सांग. मला कुठे येतंय सांगता?"

मलाही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तास बाजूला ठेवला आणि प्रश्न वर्गापुढे टाकला. वर्गात तर्कांना ऊत आला. फरश्यांना उतार असेल, चपलांखाली लोहचुंबक असेल, माणसं पेरलेली असतील. "मीही पेरलेली का रे?" मी विचारलं, तेव्हा तो तर्क त्यांनीच खोडला.

शब्दाला शब्द वाढवणारा म्हणून एकाला सगळे वकील म्हणायचे. तो उठला. "बाई, साधी गोष्ट आहे. आपण इथे करून बघू. इथे महाराज नाहीत, सगळे सहा दिशांना सहा जातील. मग लबाडी त्या अंगणात आहे हे सिद्ध!"

पटण्यासारखं होतं. मलाही पटलं. व्हरांड्यातल्या फरश्या होत्याच. कुणीतरी दप्तरातून सापशिडीचा फासा काढला. तो का आणला होता, हे मी विचारलं नाही. आकडे लिहून झाल्यावर सहा जण पहिल्या सहा फरश्यांवर उभे राहिले आणि निघाले. थोड्या वेळाने दोघांची टक्कर झाली. मग तिसरा येऊन आदळला. "सरक की!" "तू सरक, मी आकड्याप्रमाणे आलोय!" सहाच्या सहा जण एकाच फरशीवर, एकमेकांच्या पायांवर उभे.

मग जो काही कल्ला झाला, की शेजारच्या वर्गाचे सर खडू हातात घेऊन धावत आले.

"मी महाराज झालो!" वकील किंचाळला. "पाया पडा माझ्या!"

आकडे पुसले, फासा पुन्हा टाकला, पुन्हा तेच. शिपाईकाकांनी फासा टाकला, तरी तेच. मुलांना हसू आवरेना, मलाही आवरेना. इतकी वर्षं गणित शिकवते आहे, आणि ते असं गंमत करतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं! एकदाच काय ते पाच जण एकीकडे आणि एक दुसरीकडे गेला. वकिलाने लगेच महाराजांचा आवाज काढला, "बाळा, तुझ्या मनात किंतु आहे!" अंगणातही कधी कुणी चुकला की महाराज हेच म्हणतात.

"पण का होतं असं?" मी म्हटलं. "आता प्रत्येकाने वेगळ्या रंगाचा खडू घ्या आणि आपली वाट आखा."

सहा रंग निघाले. थोडं पुढे निळा आणि पिवळा एका फरशीवर भेटले आणि तिथून जोडीनेच गेले. पुढे त्यांना हिरवा मिळाला. टिकटिक गुडघ्यांवर बसून बघत होती. ती एकदम ओरडली, "बाई! एका फरशीवर दोघं आले की संपलं! आकडा एकच, मग पुढची उडी दोघांची सारखीच. भेटायला इतक्या जागा आहेत, वेगळं व्हायला एकही नाही!"

"म्हणजे महाराजांनाही फक्त एकच वाट चालायची," वकील म्हणाला, आणि चक्क हळू आवाजात म्हणाला. "मनातल्या मनात, पहिल्या फरशीवरून. म्हणून तर चेला प्रत्येक आकडा ओरडतो. तो जप नाही बाई, तो माणूस पेरांवर मोजतोय!"

रविवारी आमचा अख्खा वर्ग अंगणात हजर. टिकटिकच्या हातात दुकानातलं स्टूल. फासा फिरला, आकडे ओरडले गेले, महाराजांचा अंगठा पेरांवर फिरू लागला. टिकटिकचाही फिरत होता. शेवटचा आकडा लिहिला गेला आणि महाराजांनी चेल्याला जवळ बोलावलं. चेला छत्री घेऊन निघाला, नेमक्या फरशीपाशी आला आणि थबकला. तिथे स्टूल टाकून टिकटिक बसली होती.

"ऊठ पोरी, ही जागा महाराजांची."

"हो? मग मला कशी कळली?"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी प्रथमच डोळे उघडले. "माझीच शक्ती तिच्यातून बोलते आहे," ते म्हणाले.

"मग ती माझ्यातूनही बोलते!" वकील ओरडला. "आकडे पुसा, पुन्हा फासा टाका. या वेळी मी बसतो. नंतर ट्रकवाले काका, तुम्ही. मोजता येतं ना?"

"थांबा," घड्याळजी म्हणाले. "आधी मला चालू द्या."

ते तिसऱ्या फरशीवर उभे राहिले. आकडे वाचायला त्यांना वाकावं लागत होतं, मान सगळीकडे फिरवावी लागत होती. एकदा तोल गेला. कुणी हसलं नाही. शेवटची उडी मोजून त्यांनी पाऊल टाकलं आणि गुडघा स्टुलाला लागला. समोर त्यांची लेक.

"बाबा, तुमची पावलं माझ्याकडे आली," टिकटिक म्हणाली. "आता माझं ऐकायचं. उद्या दवाखान्यात जायचं."

घड्याळजी वळून आपण आलेल्या फरश्या पुन्हा एकेक मोजू लागले. मग हसले. "दातात दात बसला की चाकं वेगळी फिरत नाहीत. मी जन्मभर हेच करतोय, आणि मलाच कळलं नाही होय!"

ट्रकवाल्याने तोवर चेल्याच्या हातातून छत्री काढून घेतली होती आणि तो मोठमोठ्याने मोजायला लागला होता. महाराज कधी निघून गेले ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

ऑपरेशन झालं. कडेचं जे गेलं ते गेलंच. समोरचं राहिलं. घड्याळजी भिंग लावून अजून काम करतात, आणि त्यांना पाहिलं की मला भरून येतं.

माझ्या सांगण्यावरही विश्वास ठेवू नका. खाली एक वाक्य देते. त्याच्या पहिल्या आठ शब्दांपैकी मनाला येईल तो निवडा. त्यात जितकी अक्षरं, तितके शब्द पुढे जा. जोडाक्षर एकच धरा. नव्या शब्दावर पुन्हा तेच करा, पुढे शब्द पुरेनासे होईपर्यंत. माझी छत्री मी शेवटून दुसऱ्या शब्दावर आधीच रोवून ठेवली आहे.

कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी थोडं थांबा, आपणच फासे टाका, आपणच मोजा, चुकलं तर पुन्हा मोजा, आणि एवढं करूनही नाही कळलं तर 'मला माहीत नाही' असं सरळ म्हणा, पण डोळे मिटून कुणाच्या मागे जाऊ नका; स्वतः विचार करा.