चतुराबाईच्या अंगावरचा सदरा

मी मांजरपाटाचा सदरा बोलतोय. जाडाभरडा, पांढरा, अंगापेक्षा चार बोटं सैल. लातूरजवळच्या मुरुडच्या शिंप्यानं मला शिवलं, तेव्हा गुरुपादप्पाची बायको कमलम्मा समोर बसून होती. "बाह्या मनगटाच्या खाली येऊ द्या. यांना उन्हात सायकल चालवायची हाय," असं तिनं दोनदा बजावलं.

ते बहात्तरचं साल. गुरुपादप्पा दुष्काळी कामांवर हजेरी घ्यायचा. आठ-दहा मैलांची रपेट, रस्त्यात झाड नाही. माझ्यातून वारा खेळायचा, घाम मी पिऊन घ्यायचो, मग पाठ गार व्हायची. ऊन माझ्यावर आपटायचं आणि आत जायचं नाही. मला त्याचा अभिमान होता.

एके दिवशी कामावर मोठे साहेब येणार होते. गुरुपादप्पानं टेरिलीनचा निळा, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट काढला.

"त्यो घामानं चिकटतोय. सदरा घाला," कमलम्मा म्हणाली.

"सायबापुढं गबाळं दिसतंय."

"दिसू द्या. ऊन सायबाला इचारून पडत न्हाई."

तो हसला. तिचं मन राखायला त्यानं मला घडी करून कॅरिअरला लावलं.

साहेब आले, गेले. परतताना दुपारचा दीड वाजला होता. कॅरिअरच्या क्लिपखालून मला त्याची पाठ दिसत होती. निळं कापड आधी भिजलं, मग कोरडं झालं. मला भीती वाटली. घाम थांबणं चांगलं नसतं, हे अंगावर राहणाऱ्या कापडाला कळतं. तो काहीबाही बरळू लागला. नसलेल्या माणसांची हजेरी घेत होता. पुलाजवळ सायकल कलंडली. मी त्याच्यापासून हातभर लांब होतो. त्या हातभर अंतरात मला काहीच करता आलं नाही. माणसं आली, तोवर तो गेला होता.

कमलम्मानं मला जाळलं नाही, कुणाला दिलंही नाही. ट्रंकेत तळाशी ठेवलं. तिथं अंधार होता, पण माझी भीती गेली नाही. बाहेर कधी पत्रा तडतडला की दुपार झाल्याचं कळायचं आणि माझ्या शिवणी ताठ व्हायच्या.

ट्रंक उघडली ती शहाऐंशी साली; लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. पाऊस पुन्हा रुसला होता. गुरुपादप्पाची लेक रुद्राणी आता नर्स झाली होती. विहिरींच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन खेड्याखेड्यांत हगवण लागली होती, आणि ती सायकलवर औषधं पोचवत होती. त्या दिवशी ती लाल डोळ्यांनी, डोकं धरून घरी आली.

कमलम्मानं मला झटकून पुढं केलं. "उद्यापासून लुगड्यावर ह्यो घाल."

"अव्वा, बाप्याचा सदरा? सायकलवर? लोक हसतील."

"हसू दे. तुझा बाप गेला, तवा कुणीच हसलं न्हवतं."

सकाळी रुद्राणीनं मला घातलं. कॉलर मानेवर उभी केली, बाह्या हाताच्या पंजावर ओढल्या. लोक खरंच हसले. ती पायडल मारत राहिली. मी मात्र रोज भीत होतो. ती जरा हळू झाली की वाटायचं, घाम थांबला का?

मे महिन्यात रुद्राणी रस्त्याच्या कामावरून चालली होती, तेव्हा बाया ओरडत धावत आल्या. खडी फोडणारी चतुराबाई बाभळीखाली पडली होती. कातडी कोरडी, तापलेली. ती बरळत होती. ते बरळणं मी लगेच ओळखलं.

रुद्राणीनं मला काढलं. "पाणी आणा!"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एकच घागर उरली होती, टँकर उद्या येणार होता. मग केवळाबाई नावाची म्हातारी उठली. "माणूस ऱ्हायलं तर तहान लागंल ना?" म्हणत तिनं घागर माझ्यावर रिती केली.

ओला करून मला चतुराबाईभोवती गुंडाळलं. तिच्या अंगाचा चटका मला बसत होता. बाया पदरानं वारा घालत होत्या. बऱ्याच वेळानं तिच्या ओठावर घामाचा एक थेंब दिसला.

पण पुढच्या गावात एक लेकरू हगवणीनं मलूल झालं होतं. रुद्राणीला जाणं भाग होतं. "सदरा राहू द्या तिच्या अंगावर," म्हणाली आणि उघड्या हातांनी उन्हात निघून गेली. पुन्हा तीच वेळ, तोच रस्ता, आणि मी पुन्हा लांब.

दोन दिवस मला रुद्राणीची काही खबर कळली नाही. तिसऱ्या दिवशी सायकलची घंटी वाजली. तिच्या हातांची कातडी कोपरापर्यंत सोलली होती, पण ती हसत होती. लेकरूही वाचलं होतं. चतुराबाई मला परत देऊ लागली. "ठेवा मावशी," रुद्राणी म्हणाली, "अव्वानं दुसरा शिवायला टाकलाय."

तेव्हापासून मी चतुराबाईचा. आता पाठीवर इतका विरलोय की ऊन सरळ आरपार जातं. तिला मात्र वाटतं, सदरा अंगावर आहे म्हणजे धोका नाही. उद्याही ती मला घालून खडीवर बसेल. म्हणून बोलतोय. कुणी तिकडून जात असाल, तर तिला सांगा, ह्याचं आता पोतेरं कर आणि अंगावर धडकं कापड घे.