रेडिओतलं रिकामं जातं

जुन्या जालन्यात कापसाच्या वखारीवर रेडिओ सुरू झाला, तेव्हा हसनाबादेत कुणाचाच विश्वास बसला नाही. वखारीच्या माडीवर बसून कुणीतरी गाणार आणि ते आपल्या चावडीत ऐकू येणार, असं सांगणाऱ्या माणसाला लोकांनी आधी चहा पाजला आणि मग त्याची यथेच्छ चेष्टा केली. पण चव्वेचाळीस साली चावडीत रेडिओची पेटी बसली, आणि पहिल्याच दिवशी तिच्यातून जाफराबादकडच्या कुणा मेंढक्याचं गाणं आलं. मध्ये तो खोकला, तेही ऐकू आलं. त्या खोकल्यानं गावाची खात्री पटली.

रेडिओ रामरावांचा. माणूस हैदराबादेत यंत्रं दुरुस्त करायला शिकलेला, आणि डोक्यात खूळ एकच. शहरातल्या गवयांची गाणी सगळीकडे वाजतात, आपण खेड्यातली वाजवायची. रोज दिवेलागणीच्या आधी एक तास. मोटेवरची, मेंढरामागची, लग्नातली, कशाचीही. पेटी बॅटरीवर चाले, आणि दर पंधरा दिवसांनी ती बॅटरी गाडीत घालून जालन्याहून भरून आणायचं काम हसनाबादच्या कचरूकडे होतं. त्यानंच शेहेचाळीस साली एकदा रामरावांपुढे फुशारकी मारली, "आमच्या घरच्या दोघी जावा दळाय बसल्या की गल्ली जागी हून ऐकती."

मोठी जाऊ म्हणजे कचरूची बायको दुर्गाबाई. धाकटी चतुराबाई, कचरूच्या भावाची, रामकिसनची. चतुराला तीन वर्षांची नंदा होती. दुर्गाबाईला मूलबाळ नव्हतं. स्वतःचं म्हणावं असं तिच्याजवळ काही असेल तर तो गळा, आणि तोही पहाटे जात्यावर बसल्याशिवाय उघडत नसे. रामरावांनी बोलावलंय म्हटल्यावर ती हरखून गेली. आपला आवाज सगळ्या मुलखात जाणार, या विचारानं तिला दोन रात्री झोप नव्हती.

जात्याशिवाय ओवी सुचत नाही, म्हणून जातंही गाडीत चढलं. वाटेत एक मुक्काम करून गाडी जालन्याला पोचली. माडीवरच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकलेल्या होत्या. मधोमध एक काळी तबकडी फिरत होती, आणि तिच्यावर सुई आवाज कोरणार होती. कचरूला खाली बसवलं. चतुरानं पदराची गाठ सोडून जोंधळे काढले, तसे रामराव घाईनं पुढे आले.

"दाणे नकोत, बाई. पीठ उडतं. तबकडीवर कणभर बसलं तरी सगळं खराब. जातं रिकामंच फिरवा, आवाजापुरतं."

चतुरानं हात मागं घेतला. "रिकामं जातं फिरवत न्हाईत, भाऊ. घर खातं ते."

तबकडी फिरतच होती. एवढ्या लांबून येऊन आता हात हलवत परत जायचं, हे दुर्गाबाईला सोसवेना.

"तीन मिन्टाचा तर खेळ हाय," ती म्हणाली. "काय व्हतंय?" आणि तिनंच खुंटा ओढला.

मोठ्या जावेनं ओढल्यावर धाकटी काय करणार? चतुरानं खुंट्याला हात लावला आणि तोंड उघडलं.

"माहेराची वाट माझी हिवराखालून जाते..."

दुर्गाबाईनं दुसरी ओळ जोडली,

"येता-जाता सावलीला कोण गं उभी ऱ्हाते..."

पहिली ओळ चतुराची, दुसरी दुर्गाबाईची, अशा त्यांच्या ओव्या चालल्या. दाणे असले की जातं भरल्या पोटानं घरघरतं. इथे दगडावर दगड घासत होता, आणि प्रत्येक फेऱ्याला मध्येच बारीक कर्र व्हायचं. चतुरा गात होती, पण तिची नजर जात्याच्या कोरड्या तोंडावर होती.

महिना उलटायच्या आत चतुराला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती गेली. जाण्याआधी डोळे उघडून ती दुर्गाबाईला म्हणाली, "बाई, वैरण टाका." जात्याच्या तोंडात टाकायच्या मूठभर दाण्यांना वैरण म्हणतात. घरातल्यांना वाटलं, तापात बरळतेय, गाईगुरांचं काही म्हणत असेल. दुर्गाबाईला मात्र बरोबर कळलं, आणि तिनं ते कुणालाही सांगितलं नाही.

रेडिओवर ती तबकडी दर गुरुवारी लागू लागली. बायका चावडीच्या पायऱ्यांशी बसून डोळे पुसायच्या. "दुर्गाबाई, काय गळा गं दोघींचा!" म्हणायच्या. लोकांना ओव्या ऐकू यायच्या, दुर्गाबाईला खालचं जातं. गुरुवार आला की ती मुद्दाम लांबच्या वावरात जाई. तिथे रेडिओचा आवाज पोचणं शक्य नव्हतं. तरी तुरीच्या ओळीत उभी असताना त्या वेळेला तिच्या कानामागं कर्र होई. घरचं जातं तिनं पोत्यानं झाकून ठेवलं आणि दळण शेजारच्या झुंबरबाईकडे नेऊ लागली.

मग नंदानं जेवण सोडलं.

आधी फक्त गुरुवारी. पेटीखाली जाऊन बसायची, आणि भाकरी पुढे केली की मान हलवायची. पुढे कुठल्याच वारी जेवेना. घोटभर दूध पोटात जाई, तेवढंच. पोर काडीसारखी झाली. देवाचं झालं, अंगारा झाला, झाडपाला झाला. शेवटी दुर्गाबाईनं तिला मांडीवर घेऊन विचारलं, "का गं बाळा, जेवत का न्हाईस?"

"माय दळून राह्यली," नंदा म्हणाली. "तिचं दळण झालं की भाकर करील. मंग जेवीन."

दुर्गाबाईनं पोरीला छातीशी धरलं. ते दळण होणार कधी? जात्यात दाणाच नव्हता. चतुरा दर गुरुवारी रिकामं जातं ओढत होती, आणि तिची लेक पिठाची वाट बघत उपाशी बसली होती. घर खातं म्हणतात ते असं. आता पोरीची पाळी, आणि खुंटा आपण ओढलेला.

पुढच्या खेपेला बॅटरीच्या गाडीत कचरूबरोबर तीही बसली, नंदाला कडेवर घेऊन. माडीवर जाऊन तिनं रामरावांना सरळ सांगितलं, "ती तबकडी फोडा."

रामरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग फडताळातून तबकडी काढून तिच्या हातात दिली. "तुमचीच आहे, फोडा. पण दुसरी नाही, बाई. ही पण झिजत चाललीय. 'हिवराखालून'वर सुई अडकते, दोनदा म्हणते."

दुर्गाबाईनं तबकडी उचलली. जमिनीवर आपटणार, तेवढ्यात नंदानं तिच्या काठावर बोट ठेवलं.

"माय हितं ऱ्हाती?"

दुर्गाबाईचा हात खाली आला. दुसऱ्यांदा मारायची का चतुराला? तिनं तबकडी पदरानं पुसली आणि परत दिली. उतरताना जिना तिला दिसत नव्हता, इतकी ती रडत होती.

त्या गुरुवारी हसनाबादच्या चावडीत एक नवल झालं. बायका एरवी पायरीपुढं जात नसत. दुर्गाबाई कचरूकडून जातं उचलवून थेट आत आली. पेटीपुढं जातं मांडलं, शेजारी जोंधळ्याचं सूप ठेवलं, आणि सगळ्यांसमोर बोलली.

"रेडिओत जातं रिकामं हाय. चतुरा नको म्हनत व्हती. मीच खुंटा वढला."

चतुराचा नवरा रामकिसन भिंतीशी बसला होता. तो उठून पुढं आला. लोकांना वाटलं, आता हा हात उचलतो. त्यानं खाली वाकून सूप तिच्या उजव्या हाताशी सरकवलं, आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसला.

पेटीत खरखर झाली. चतुराचा आवाज आला,

"माहेराची वाट माझी हिवराखालून... हिवराखालून जाते..."

दुर्गाबाईनं मूठभर वैरण टाकली आणि त्याच ठेक्यात जातं ओढलं. भरल्या जात्याच्या घरघरीत पेटीतला कर्र बुडून गेला. जातं दोघींनी ओढायचं, जड. पण त्या दिवशी ते हलकं फिरलं, समोरच्या बाजूनं कुणी जोर लावावा तसं. दुर्गाबाईनं मान वर केली नाही. वर पाहिलं तर तिथं कुणी नसेल, याची तिला भीती वाटत होती, आणि असेल, याचीही.

तीन मिनिटांत ओंजळभर पीठ पडलं. तेवढ्याची भाकरी तिनं घरी थापली आणि नंदापुढं ठेवली. "घे. तुज्या मायचं दळण झालं." नंदानं भाकरी हुंगली, तुकडा मोडला, खाल्ला. मग दुसरा.

तेव्हापासून दर गुरुवारी जातं चावडीत जायचं. कुणी हसलं नाही. गाव बाकी कशालाही हसतं. त्या दळणाची भाकरी नंदा आठवडाभर पुरवून खायची, रोज एक वाळका तुकडा आधी, मग बाकीचं जेवण. पोर हळूहळू अंगानं भरली.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात पलटणी आल्या, निजामाचं राज्य गेलं. त्या धामधुमीत जालन्याचा रेडिओ बंद पडला तो पडलाच. रामराव कुठे गेले, तबकड्यांचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. कचरू भरलेली बॅटरी आणायला गेला आणि रिकामी घेऊन आला. वखारीच्या माडीला कुलूप होतं.

पहिल्या गुरुवारी दुर्गाबाई सवयीनं चावडीत गेली. पेटी मुकी होती. तरी लोक जमले होते, कारण घरी बसवत नव्हतं. तिनं वैरण टाकली, खुंटा धरला, आणि थांबली. पहिली ओळ तिची नव्हतीच कधी. दुसरी ओळ ओठांत धरून ती नुसती जातं ओढत राहिली. आता हे दळण कायमचं अर्धं, असं वाटून तिचा हात जड झाला.

तेवढ्यात समोरून खुंट्यावर एक लहान हात आला. पाच वर्षांची नंदा मांडी घालून बसली होती. आईच्या पट्टीत, आईच्याच दमानं तिनं ओळ उचलली. ती ओळ तिनं आईजवळ शिकलेली नव्हती, पेटीजवळ शिकलेली होती.

"माहेराची वाट माझी हिवराखालून... हिवराखालून जाते..."

सुई अडकायची तिथे ती अडकली, आणि तेवढंच थांबून पुढं गेली. भिंतीशी रामकिसननं तोंडाला उपरणं लावलं. दुर्गाबाईनं चूक सुधारली नाही. तिनं आणखी एक मूठ वैरण टाकली आणि आपली ओळ म्हटली,

"येता-जाता सावलीला कोण गं उभी ऱ्हाते."