पाऊण स्वर माझा

व्हर्लीन स्टिडहॅमने सकाळपासून तेच गाणं अकरा वेळा गायलं आणि अकराही वेळा ध्रुपदाच्या तिसऱ्या ओळीला तिचा आवाज फाटला. मी मोजत होते. मी काउंटीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि सव्वीस वर्षं तिच्या साथीला बँजो वाजवते. मोजायची सवय दोन्हीकडून लागली.

त्रेसष्टाव्या वर्षी तिचा पहिला अल्बम होत होता. आठ गाणी काल झाली. उरलं होतं ते, इथली खाण बंद पडली त्या वर्षी तिने लिहिलेलं गाणं. आमच्या डोंगरात ते सगळ्यांना पाठ आहे, पण कुठेच ध्वनिमुद्रित झालेलं नाही. ते नसेल तर अल्बमच नको, असं तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

जुन्या शाळेच्या रिकाम्या वर्गात मधोमध एकच मायक्रोफोन होता. त्याच्याभोवती तिघांनी उभं राहायचं, ज्याची पाळी असेल त्याने पुढे सरकायचं. अशा मुद्रणात एकाचा आवाज नंतर वेगळा काढून दुरुस्त करता येत नाही. मुद्रण करणारा कर्टिस नॉक्सव्हिल शहरातून आला होता आणि चार वाजता निघणार होता.

बारावा प्रयत्नही फसल्यावर तो हळूच म्हणाला, "बाई, पट्टी थोडी खाली घेऊ या का?"

"हे गाणं याच पट्टीत जन्मलंय. खाली घेतलं तर लोक म्हणतील, म्हातारी झाली."

"झालीच आहेस की," आपली फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, पुसत ओरिन म्हणाला. हा तिचा दीर.

"तू गप रे. तोंडातले दात तरी तुझे आहेत का?"

"पैसे मी दिलेत. माझेच आहेत."

ती हसली नाही. "जेवून घ्या," एवढंच म्हणाली आणि पाठ करून खिडकीशी उभी राहिली. तिचे खांदे इतके उतरलेले मी तिच्या नवऱ्याच्या दफनालाही पाहिले नव्हते.

सगळे घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव घेऊन ओसरीवर गेले. मी आत राहिले. दोन दिवस धुकं हटलं नव्हतं; माझ्या पेटीतल्या आर्द्रतामापकाचा काटा अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर होता. माझा बँजो बोकडाच्या कातड्याने मढवलेला आहे. हवा ओली झाली की कातडं सैल पडतं, तारांखालची घोडी खाली बसते आणि सूर उतरतो. असा बँजो कुणाचं ऐकत नाही, चढवला तरी पुन्हा उतरतो, म्हणून आमच्यात बाकीची वाद्यं त्याच्याशी जुळवायची रीत आहे, तीही कानाने.

मी तारा छेडून पाहिल्या. सूर जेमतेम पाव स्वर उतरला होता. मी दाराकडे पाहिलं आणि पाचही खुंट्या सैल केल्या. आता पुरा एक स्वर उतरला. पाव स्वर हवेचा, पाऊण स्वर माझा.

जेवणानंतर मी म्हटलं, "कातडं फार ओलावलंय. माझ्याशी जुळवून घ्या."

ओरिनने तारा जुळवायला घेतल्या, मध्येच थांबला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"हो, आज ओल जरा जास्तच आहे," तो म्हणाला आणि फिडलचा सूर खाली आणला.

व्हर्लीनने डोळे मिटून गिटार जुळवली.

कर्टिसने हात वर केला. पहिलं कडवं तिने नेहमीसारखं घेतलं. ध्रुपद आलं, पहिली ओळ, दुसरी. मी श्वास रोखला, त्यामुळे एक आघात चुकणार होता, तो कसाबसा सावरला. ती अर्धं पाऊल पुढे सरकली आणि तिसरी ओळ मोकळ्या गळ्याने उचलली. आवाज फाटला नाही, थरथरलासुद्धा नाही. तो वरचा स्वर तिने धरला आणि सोडेचना. ओरिनला ठरल्यापेक्षा दोन मात्रा थांबावं लागलं. मग तो असा शिरला की जमिनीच्या फळ्या माझ्या तळव्यांखाली वाजल्या.

गाणं संपलं. कर्टिस म्हणाला, "एकदा पुन्हा, खात्रीसाठी?"

"कशाला? चुकलं कुठे?"

त्याने सगळं पुन्हा ऐकलं, डोकं खाली घालून. "कुठेच नाही," तो म्हणाला.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. "किती उतरवलंस?"

"एक स्वर."

"त्यातली ओल किती?"

"पाव."

"चाळीस वर्षं ही गिटार वाजवतेय मी, मास्तरीणबाई. तारा सैल पडल्या तर बोटांना कळत नाही होय?"

"मग थांबवलं का नाहीस?"

"तू जन्मात एकदा लबाडी केलीस, ती वाया कशाला घालवू? आणि माझ्या तोंडाने मी 'खाली घ्या' म्हटलं नसतं. मेले असते, पण म्हटलं नसतं." ती हसायला लागली, मग ओरिन, मग कर्टिसही. हसता हसता तिने गिटारचा पट्टा पुन्हा खांद्यावर चढवला.

"कर्टिस, किती वाजले?"

"सव्वातीन."

"कालची तीन गाणी मी जीव मुठीत धरून गायली. ती पुसून टाक. ओरिन, फिडलच्या खुंट्यांना हात लावू नकोस, सूर आहे तिथेच राहू दे. नेवा, सुरू कर."

मी सुरू केलं. चारला दहा कमी असताना तिन्ही झाली, प्रत्येक पहिल्याच फेरीत.