दातातला दोरा

ललिता बहनजींचं हसणं विहाराच्या पत्र्यावरून थेट ओट्यापर्यंत यायचं. शेवंताबाईला ते ऐकायचं नसायचं, पण ते आलं की विडी वळणारा हात जरा हळू व्हायचा.

आधी या वेळेला पोरं तिच्याच ओट्यावर असायची. त्यांना कोणी बोलवत नसे. शाळा सुटली, दप्तरं घरात फेकली, की वॉर्डातली पोरं शेवंताबाईभोवती गोळा व्हायची. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि वळता वळता बुद्धवंदना सांगायची. छप्पन साली ती नवऱ्याबरोबर नागपूरला दीक्षेला गेली होती. परत आली तेव्हा मध्य प्रदेशात, बालाघाटच्या या वॉर्डात वंदना पुरती कोणालाच येत नव्हती. एक भन्तेजी काही दिवस मुक्कामाला होते, त्यांच्या तोंडून तिने ती ऐकून ऐकून उचलली. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून जे ऐकलं ते पक्कं बसलं. नवरा गेला, दहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून वॉर्डातल्या प्रत्येक पोराने वंदना तिच्याच तोंडून घेतली. पोरं तिला मोठीमाय म्हणत.

आणि आता ही भंडाऱ्याकडची ललिता. मागच्या उन्हाळ्यात शाळेत शिकवायला लागली. दोन वेण्या, पायात चपला, हातात छत्री. ती छत्री धरायला मिळावी म्हणून पोरं एकमेकांना ढकलायची. शेवंताबाईने ते पाहिलं होतं. तिचं सूप धरायला कधी कोणी कोणाला ढकललं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत वॉर्डातल्या पोरांना अजिंठ्याची लेणी दाखवायला न्यायची, तिथे राहुट्या ठोकून राहायचं, ही कल्पना ललिताचीच. त्यासाठी विहारात बैठक बसली. ललिताने खडूने फरशीवर घोड्याचा असतो तसा एक मोठा नाल काढला.

"ही नदी. ती अशी वळते. आणि या वळणावर कड्यात सगळी लेणी. आपण इथे, खालच्या गावाजवळ, झाडाखाली राहू."

पोरं फरशीवर पालथी पडून त्या नालाकडे बघत होती, जणू तिथून पाणीच वाहणार होतं. शेवंताबाई दाराशी बसली होती.

"छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं जळगाव, पुढे मोटार," ललिता म्हणाली. "राहुट्यांचं तेवढं बघायला हवं."

घनश्यामभाऊ राईस मिलमध्ये मुनीम होते आणि विहार कमिटीचे अध्यक्षही. ते म्हणाले, "ताडपत्र्या मी देतो ना मिलमधून. पन भोकं राहीन बरं, आधीच सांगतो. उंदरायचं राज आहे तिथं."

"बरंच आहे. भोकांतून चांदण्या दिसतील!"

पोरं खदखदून हसली. घनश्यामभाऊही हसले. शेवंताबाईला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

मिलमध्ये धान पाखडणारी तुळसाबाई तिची शेजारीण. तिने विचारलं, "अन् जेवनाचं वो बहनजी? इतक्या पोट्ट्यायले कोन शिजवून घालन?"

ललिताने दाराकडे पाहिलं. "शेवंतामावशी येतील ना! मावशींच्या हातचा भात असला की पोरं तक्रार करणार नाहीत."

सगळ्यांनी माना वळवल्या. शेवंताबाईचा चेहरा तापला.

"मी? मी चुल्ला फुंकाले येऊ तिथं?" ती म्हणाली. "नाई बाई. माह्या गुडघ्याले झेपत नाई."

गुडघ्याला काही झालं नव्हतं. त्याच सकाळी ती वैनगंगेवर धुणं धुऊन, ओल्या कपड्यांचं घमेलं डोक्यावर घेऊन आली होती. तुळसाबाईनेच ते पाहिलं होतं, पण ती आता खडूच्या नदीकडे बघू लागली.

शेवंताबाई वाट बघत होती ती दुसऱ्या गोष्टीची. डोंगराच्या पोटात, अंधारात, दगडात कोरलेल्या बुद्धापुढे आपण उभं आहोत, मागे आपली पोरं हात जोडून आहेत, आणि वंदनेचा पहिला शब्द आपला आहे, हे चित्र तिने नवरा गेल्यापासून मनात जपलं होतं. कोणाला सांगितलं मात्र नव्हतं. सांगायची गरज काय? वंदना दुसरं कोण घेणार?

"बरं, लेण्यात वंदना कोन घेईल?" घनश्यामभाऊंनी विचारलं.

शेवंताबाईने पदर सारखा केला.

"बहनजी!" पोरं एका आवाजात ओरडली.

त्या आवाजांत तुळसाबाईच्या कमलाचाही आवाज होता. तो शेवंताबाईला वेगळा ओळखू आला. आई मिलमध्ये असायची, म्हणून कमला चालायला लागल्यापासून दुपारभर तिच्याच सुपाशी वाढलेली.

दुसऱ्या दिवसापासून विहारात तयारी सुरू झाली. गाठी मारणं, ताडपत्री ताणणं, खुंट्या ठोकणं, आणि शेवटी वंदना. शेवंताबाई ओट्यावर पाठ फिरवून बसायची, पण कान तिकडेच असायचे.

पोरांनी म्हणायला सुरुवात केली. "बुद्धं..." आणि सगळी थांबली. मग, "सरणं गच्छामि."

"अरे, मध्येच का थांबलात?" ललिताचा आवाज. "दारात कोणी आलं का?"

"नाई बहनजी. इथं थांबाचंच असते."

"कोणी सांगितलं?"

उत्तर कमलाने दिलं. "मोठीमाय थांबते. तिच्या तोंडात दोरा रायते ना!"

हशा पिकला. ललिताही हसली, त्यात दुष्टपणा काही नव्हता.

ओट्यावर शेवंताबाईचा हात जागीच राहिला. तंबाखू भरून पान वळलेलं होतं, दोऱ्याचा वेढा दिलेला होता, आणि दोऱ्याचं टोक दातात होतं. दोरा तोडेपर्यंत तोंड मिटलेलं. दहा वर्षं ती दर विडीला अशीच थांबली होती, आणि वॉर्डातलं प्रत्येक पोर तिच्याबरोबर थांबायला शिकलं होतं. तिला स्वतःला ते आज कळलं, आणि तेही कोणाच्या हसण्यातून.

आठवडाभरात पोरांची ती सवय सुटली. ललिता टाळी वाजवून ठेका धरायची, पोरं टाळीबरोबर धावायची. दहा वर्षांचं शिकवणं इतक्या लवकर पुसलं जातं, हेच शेवंताबाईला सगळ्यात जास्त लागलं. फक्त कमला थांबायची. टाळी पुढे जायची आणि कमला मागे राहायची.

दुपारी पानं कापता कापता शेवंताबाईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हनते तुही बहनजी?"

"मधात थांबू नोको म्हनते."

"अन् तुले कसं आवडते?"

"तुह्यावानी."

शेवंताबाईला एवढं गोड किती दिवसांत काही लागलं नव्हतं. "मंग तसंच म्हन," ती म्हणाली. "आपली चाल सोडाची नाई. त्या बाई काल आल्या, उद्या बदली होऊन जातीन. मी इथंच हावो."

"हौ," कमला म्हणाली.

पण जायची हौस असलेली पोरं फार झाली. ताडपत्र्या मोजक्या, सांभाळणारी मोठी माणसं त्याहून मोजकी. ललिताने एक नियम केला. जे सगळ्यांबरोबर वंदना म्हणतील ते या वर्षी, बाकीचे पुढच्या वर्षी. नियम वावगा नव्हता. शेवंताबाईनेही कदाचित तोच केला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमला आली ती खांद्याला नवी पिशवी अडकवून. तुळसाबाईने जुन्या लुगड्याच्या काठाची, सफरीसाठी शिवलेली. तशीच सुपाशी बसली आणि कैची घेऊन पानं कापू लागली.

"पिशवी तं काढ," शेवंताबाई म्हणाली.

कमलाने काढली नाही. आणखी एक पान कापून म्हणाली, "माहा नंबर नाई लागला. पुढच्या साली, म्हने."

"काहून?"

"मी थांबली ना मधात."

"अन् काहून थांबली?"

कमलाने वर पाहिलं. "तूच म्हनली ना, आपली चाल सोडाची नाई."

त्यात तक्रार नव्हती. पोरीने सांगितलेलं केलं होतं, एवढंच ती सांगत होती.

शेवंताबाईला पहिल्यांदा आनंदच झाला. वॉर्ड रिकामा होईल, सगळी पोरं त्या छत्रीमागे जातील, आणि कमला इथे राहील, आपल्याजवळ. एक तरी आपलं. हा आनंद दोन विड्या वळेपर्यंत टिकला. मग पोरीचा हात पुन्हा पुन्हा पिशवीच्या काठावरून फिरताना दिसला. पिशवीत काहीतरी होतं.

"काय हाय त्याच्यात?"

"मेनबत्ती. लेण्यात अंधार रायते ना."

शेवंताबाईने सूप सरळ केलं. दोऱ्याचं रीळ उचललं आणि मांडीखाली दाबून ठेवलं.

"म्हन वंदना."

"आता?"

"म्हन म्हनलं ना. माह्या हाताकडे पाह, अन् म्हन."

कमलाने सुरू केलं. शेवंताबाईने पान घेतलं, तंबाखू भरली, वळलं. बोटं सवयीने दोऱ्याकडे गेली, तिथे दोरा नव्हता. तरी तोंड मिटलंच, आणि पोरगी थांबली.

"पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा शेवंताबाईने तोंड मिटू दिलं नाही, स्वतःच पुढचा शब्द मोठ्याने ओढला. वळलेली विडी तशीच सुपात टाकली आणि दुसरं पान घेतलं. हात थांबत नव्हता म्हणून पोरीची नजर थांबत नव्हती, आणि नजर थांबत नव्हती म्हणून जीभही. एक, दुसरी, पुढची. सुपात बिनदोऱ्याच्या विड्या हळूहळू उलगडत होत्या, तंबाखू सांडत होती.

"मोठीमाय, विड्या सुटून राह्यल्या!"

"सुटू दे. तू म्हन."

ऊन ओट्यावरून खाली उतरलं तेव्हा कमला पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ म्हणून गेली. शेवंताबाईने तिला आणखी एकदा म्हणायला लावलं. या खेपेला मात्र स्वतः गप्प बसून ऐकलं. चाल ललिताची होती. ऐकायला वाईटही नव्हती, आणि हे मान्य करणं तिला फार जड गेलं.

"जा आता विहारात. म्हन, माहं अजून एक डाव ऐका."

कमला पळाली. शेवंताबाईला राहवलं नाही, म्हणून ती मागोमाग गेली आणि दाराशी उभी राहिली. पोरं ओळीत होती. कमला टोकाला उभी राहिली, तिने टाळीकडे पाहिलंच नाही, दाराकडे बघत म्हटलं. "बुद्धं" आला तेव्हा शेवंताबाईच्या ओठांनी मिटायची ओढ घेतली. तिने ते उघडे ठेवले. कमला पुढे गेली.

"शाब्बास!" ललिताने पोरीला जवळ ओढलं. "बघा मावशी, मी म्हणत होते ना, टाळीवर रोज घेतलं की जमतं. आता हिला कोण मागे ठेवणार?"

कमलाने ललिताच्या कमरेला मिठी मारली. शेवंताबाईच्या बोटांना अजून तंबाखूचा वास होता. सांगावं का हिला, असं एकदा मनात आलं. सुटलेल्या विड्या सुपासकट आणून समोर ठेवाव्यात, असंही आलं.

तिने फरशीवरच्या खडूच्या नालाकडे पाहिलं. रोजच्या पायांनी तो पुसट झाला होता, पण नदीचं वळण दिसत होतं.

"काहून वो बहनजी," ती म्हणाली, "चुल्ल्यासाठी भेटलं का कोनी?"

"नाही ना मावशी. तेच तर अडलंय."

"मंग माहं नाव घाल."

ललिता इतकी खूश झाली की ती शेवंताबाईचा हात धरायला पुढे आली. शेवंताबाईने हात पदरात घेतला.

"अन् गुडघा?" घनश्यामभाऊंनी कोपऱ्यातून ताडपत्रीत डोकं खुपसूनच विचारलं.

"गुडघा माहा हाय, भाऊ. तुमी भोकं शिवा." मग ती ललिताकडे वळली. "पन एक आताच सांगून ठेवतो. भात मी शिजवीन, अन् पोट्ट्यायच्या ताटात मीच वाढीन. पळीले तू हात लावाचा नाई."

"नाही लावणार," ललिता हसत म्हणाली.

"हासू नोको," शेवंताबाई म्हणाली, आणि तयारीचं बाकी ऐकायला या वेळी दाराशी नाही, खडूच्या नदीजवळ, पोरांच्या मध्ये जाऊन बसली.