पुस्तकातल्या नावाड्याचा सातवा दिवस

मुलीच्या, रिस्काच्या खोलीतून हंबरडा ऐकू आला तेव्हा तार्मिनी मागच्या अंगणात मिरच्या वाटत होती. ती दारापर्यंत पोचते तोवर शेजारची सुमी ताटात तांदूळ घेऊन उंबऱ्यात हजरसुद्धा झाली होती. केदिरी शहराच्या त्या गल्लीत रडणं ऐकू आलं की बायका मयताच्या घरी न्यायला आधी तांदूळ भरतात, कोण गेलं ते मग विचारतात.

"कोण गेलं गं?"

रिस्का पलंगावर पालथी पडली होती, उशाशी विटेएवढं जाड पुस्तक. नाक ओढत म्हणाली, "वुलुंग."

"कुठला वुलुंग? साखर कारखान्यातला?"

"पुस्तकातला," तार्मिनी म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुमीने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा पुस्तकाकडे. "आणलेला तांदूळ परत कसा नेऊ आता," असं पुटपुटत तिने तो ओट्यावर ठेवला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीची करमणूक झाली.

वुलुंग म्हणजे एका जादूच्या मालिकेतला म्हातारा नावाडी. बोलणाऱ्या नद्यांच्या देशात एका अनाथ पोरीला तो पहिल्या भागापासून नावेतून घेऊन हिंडतो, आणि सहाव्या भागात ती पलीकडे पोचावी म्हणून दोर धरून ठेवता ठेवता बुडतो. शाळेत असल्यापासून रिस्का ही मालिका वाचत आली होती. लेखिकेला काळीज नाही, असं ती चार वेळा म्हणाली. तार्मिनीला लेखिकेच्या काळजाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला सलत होतं ते वेगळंच. तिचा नवरा सुगिमान उसाचा ट्रक चालवता चालवता छातीत कळ येऊन गेला, तेव्हा या पोरीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मातीच्या वेळी ती कोरडी ठणठणीत उभी होती. चाळिसाव्याच्या दुआला तर आलीच नाही. नोकरीच्या गावाहून, सुराबायाहून निरोप आला, ऑफिसात रजा मिळत नाही. नावाड्यासाठी मात्र रजा मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने कहर केला.

"आई, आम्ही वाचणारे सगळे मिळून त्याचा सातवा दिवस करतोय. आपल्याच अंगणात. तू आपेम करशील ना? तुझ्यासारखे कुणाला जमत नाहीत."

तांदळाच्या पिठाचे आपेम मयताच्या जेवणाला लागतातच. सुगिमानच्या वेळी तार्मिनीने ते एकटीने भाजले होते.

"डोकं फिरलंय का तुझं? बापाच्या चाळिसाव्याला तोंड दाखवलं नाहीस, आणि आता..."

"बापाने माझा पहिला भाग चुलीत घातला होता, आठवतंय? गणितात नापास झाले म्हणून. वुलुंग त्या पोरीला रोज विचारतो, जेवलीस का. आपल्या घरात मला कुणी विचारलं?"

"विचारायला तो घरी असायचा कधी? तुझ्या फीसाठी दिवसरात्र ट्रकवर होता."

"तेच म्हणतेय मी," रिस्का म्हणाली.

खरं तर तार्मिनीने तिथेच ठाम नाही म्हणायला हवं होतं. पण शंभराव्या दिवसाच्या दुआला तरी पोरीने यावं, बापासाठी एकदा हात उचलावेत, एवढीच तिची आस उरली होती. आता मोडता घातला तर ही पुन्हा उंबरा चढायची नाही, या भीतीने तिने मुकाट पीठ भिजवलं. आया अशाच लाचार होत जातात.

ठरल्या दुपारी गळ्यात निळे रुमाल बांधलेली पोरंपोरी जमली. चटया अंथरल्या, वुलुंगच्या चित्रापुढे गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या. काही जण हसत होते, काही खरोखरच डोळे पुसत होते. तेवढ्यात काठी टेकत म्बाह कसान आत शिरले. हे सगळ्या गल्लीचे आजोबा; कुणाच्याही घरी मयताची दुआ तेच म्हणत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण अंगणात चटया आणि हवेत आपेमचा वास एवढं आमंत्रण त्यांना पुरे होतं. डोळ्यांना धड दिसतही नव्हतं. ते सरळ मधोमध जाऊन बसले. पोरांची तोंडं पाहण्यासारखी झाली, पण म्हाताऱ्याला उठवणार कोण?

"कोण गेलं, बाळांनो?"

"वुलुंग, म्बाह," एक चष्मेवाला म्हणाला.

"कुणाचा मुलगा? दुआत बापाचं नाव घ्यावं लागतं."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. वुलुंगच्या नावेला किती फळ्या होत्या ते त्यांना तोंडपाठ होतं. बापाचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. "ते सातव्या भागात कळणार आहे," चष्मेवाला चाचरला. एक मुलगी म्हणाली, "तो नदीतून जन्मला, म्बाह."

"बाप माहीत नाही होय? असू दे, त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक. मग आईचं नाव सांगा."

रिस्का चित्राजवळ बसून रडत होती, अगदी पोटातून, खांदे गदगदत होते. आपल्या नवऱ्याच्या पानातलं उचलून कुणी परक्याला वाढावं तसं तार्मिनीला ते पाहताना वाटलं. हातातलं ताट तिने खाली ठेवलं.

"सुगिमान," ती म्हणाली. "कार्तोरेजोचा मुलगा."

"म्हणजे आपला सुगिमान! मग आधी सांगायचं ना," म्हणत म्हाताऱ्याने हात उचलले आणि दुआ सुरू केली. पोरांचेही हात सवयीने वर गेले. सुगिमानचं नाव आलं की ती सगळी अनोळखी पोरं मिळून आमीन म्हणत होती, कुणाला काही उमजलं असो नसो. तार्मिनी मुलीकडे बघत राहिली. आता तरी हिचे हात उठतील, असं तिला वाटत होतं.

रिस्काने मान वर केली. तिचं रडणं तिथल्या तिथे थांबलं होतं. ओढणीने तिने तोंड स्वच्छ पुसलं आणि दुआ संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मग उठून आईजवळ आली.

"झाली ना त्याची दुआ," ती हळू आवाजात म्हणाली, "आता शंभराव्याला मला बोलावू नकोस."

तार्मिनी बरं म्हणाली, कारण इतक्या पाहुण्यांसमोर दुसरं काय म्हणणार होती.