राहीबाईची घोंगडी आणि सरपंचांची शाल

मी एक जुनी काळी घोंगडी आहे. धनगरवाड्यावरच्या मागावर माझा जन्म झाला आणि पाथर्डीच्या बाजारातून राहीबाईनं मला घरी आणलं. मित्रांनो, मी साधी, खरखरीत. पण एका शालीचा मी फार हेवा केला.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं. वरच्या वस्तीचा भिमाजी आणि खालच्या वस्तीचा छगन पाण्यावरून भिडले. दगड सुटले, भिमाजीचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून काठ्या निघाल्या. तेव्हा राहीबाई मला विहिरीच्या तोंडाशी अंथरून मधोमध बसली. एक घागर वरची, एक खालची, असा नेम तिनं लावला आणि तीन दिवस उन्हातून हलली नाही. चौथ्या दिवशी सरपंच सूर्यभान टँकर घेऊन आले. त्यांनी दोघांच्या हाती सुपारी दिली आणि तंटा मिटल्याचं जाहीर केलं.

पुढं पाऊस चांगला झाला. दिवाळीत चावडीपुढं सूर्यभानांचा सत्कार ठरला. त्यांच्यासाठी आणलेली शाल मऊ, जरीकाठाची. राहीबाईच्या खांद्यावर मी नुसती जळत होते. काकासाहेब मास्तर म्हणाले, परदेशातल्या दोन पुढाऱ्यांना लढाई थांबवल्याबद्दल जगातलं मोठं बक्षीस जाहीर झालंय; तसेच आपले सूर्यभान. मागून कुणीतरी विचारलं, त्यातल्या एकानं ते नाकारलं म्हणे? मास्तरांना सांगावं लागलं की, आमच्याकडं शांतता अजून आलेलीच नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

सूर्यभान वरमले. त्यांनी शाल राहीबाईपुढं धरली. आता ती हिच्या अंगावर आणि मी कोपऱ्यात!

राहीबाईनं हात मागं घेतला. "तुमी टँकर आनला, म्या पाळी लावली. पन भांडान पावसानं मिटिवलं. भिमाजी आन् छगन आजून बोलत न्हाईत. ते एका पंगतीला बसूंद्या, मग कुनालाबी घाला."

मला आनंद झाला, तो हेव्यापोटी. सूर्यभान मात्र शाल घडी करून निघाले, ते थेट भिमाजीच्या दारात. सात खेपा घातल्या त्यांनी. माघात छगनच्या लेकीचं लग्न झालं, तेव्हा भिमाजी आला. छगननं स्वतः त्याच्या पानात बुंदी वाढली आणि शेजारी बसून जेवला. त्या दिवशी शालीची आठवण कुणालाच झाली नाही. मला तेवढी झाली.

मित्रांनो, थोरांना शाली जरूर घाला. पण आधी पंगत बघून या. आणि घरातल्या घोंगडीला अधूनमधून ऊन दाखवा. तिला कसर लवकर लागते, हेव्याचीसुद्धा.