डाव्या जागेची खूण

सून डाव्या जागेवर चढून बसली, तिनं पट्टा आवळला, आणि सासऱ्यांनी शेडचं पत्र्याचं दार ओढून घेतलं. बाहेर टळटळीत दुपार होती. आत एकदम अंधारलं. दाराच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ विमानाच्या पाठीवरून घसरून फरशीवर सांडली होती.

"उशी घेतलीस खाली?"

"घेतली."

"नेहमीची?"

"नेहमीचीच. पण अण्णा, मी कशाला इथं? दर वर्षी तुम्ही बसता, मी भिंतीवर खडू मारते."

"गुडघा धरलाय. आज चढवत नाही." अण्णा भिंतीकडे चालू लागले. "आणि जागेवर वजन लागतं. वाळूचं पोतं ठेवलं असतं, पण ते दिसतंय का विचारलं तर बोलत नाही."

"पोत्याला सुट्टी पण लागत नाही."

"म्हणून तर सूनबाईंना बोलावलं."

तिला हसू आलं, पण ओठांपर्यंत पोचेतो तेही दमलं. आठवडाभर इस्पितळाच्या धुलाईघरात उभं राहून चादरींना इस्त्री, चादरीवर चादर, घडीवर घडी. आज एकच सुट्टी, आणि पाय अजून तिथल्याच फरशीवर उभे असल्यासारखे जड.

बस डेपोत चाळीस वर्षं वायरमनकी करून अण्णा निवृत्त झाले आणि या शेडमध्ये विमान बांधायला बसले. दोन माणसांचं, हलकं, पत्र्याचं. ती लग्न होऊन आली तेव्हा नुसता सांगाडा होता. आधी तिनं टॉर्च धरला, मग रिवेट धरले, मग एक दिवस विमानतळावरच्या क्लबात नाव घातलं. दोन वर्षांपूर्वी तिला परवाना मिळाला तेव्हा अण्णांनी सगळ्या मैदानाला पेढे असल्यासारखी ती बातमी वाटली होती. तरी डावी जागा अण्णांचीच राहिली. चालवणारा डावीकडे, ती उजवीकडे, उशीवर.

विमानाला पंख दोन, पंखांना दिवे दोन. पुढच्या कडेत खाच करून बसवलेले, वर पारदर्शक झाकण. उतरताना धावपट्टी दाखवायची, एवढंच त्यांचं काम. फार खाली झुकले तर नाकासमोरचं गवत दिसतं, फार वर गेले तर नुसतं आभाळ.

गेले चार महिने अण्णा म्हणत होते, डावा दिवा मंद झालाय. दिवा बदलला. मग वायर बदलली. मग अर्थिंग खरवडून पुन्हा केलं. मग म्हणाले, उजवाही मंद. मागच्या महिन्यात सांजावताना उतरत होते, जमीन अजून हातभर खाली होती, आणि अण्णांनी ती आली असं समजून विमान सोडलं. चाकं आपटली. तिचे दात वाजले. मग अण्णा म्हणाले, "दिवेच बदलायला हवेत दोन्ही."

काढलेले दिवे ती पिशवीतून घरी घेऊन गेली. न्हाणीघराचं दार लावून तिनं ते स्कूटरच्या बॅटरीला जोडले. भिंत पांढरीफटक झाली. एकाही दिव्याला काही झालेलं नव्हतं.

"तूच सांग त्यांना," नवरा म्हणाला होता. "माझं ऐकलं तर ते माझे वडील कसले. गुरुवारी परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी आहे त्यांची. डॉक्टरनं तोंडावर नापास करण्याआधी घरातल्यानं सांगितलेलं बरं."

म्हणून आज ती एक वाक्य घेऊन आली होती. अण्णा, दिव्यांत काही नाही. एवढंच. इस्त्री करता करता आठवडाभर तिनं ते सतरा प्रकारे घडी घालून पाहिलं होतं. कसंही घातलं तरी एक टोक बाहेर राहतच होतं.

"लाव," अण्णा म्हणाले.

तिनं बटण वर केलं. शेपूट घोडीवर उचलून ठेवली होती, विमान उतरताना जेवढं झुकतं तेवढंच झुकवून. समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवर उजेडाचे दोन गोळे उमटले. त्यांच्या मधोमध खडूची जुनी फुली होती. दर वर्षी गिरवून गिरवून ती भिंतीत मुरली होती.

अण्णा मनात आकडे मोजू लागले. जमिनीवर वारा लागत नाही, दिवा तापतो, झाकण मऊ पडतं. एकशेवीसला बंद म्हणजे बंद, हा त्यांचा नियम.

"पूर्ण दिसतोय का गोळा?"

"अर्धा. खालचा अर्धा नाकाआड जातोय."

अण्णांनी एकेका पंखाशी जाऊन पेचकस फिरवला. "आता?"

"अजून थोडा वर… अजून. बास."

"पूर्ण?"

"पूर्ण."

ते भिंतीपाशी गेले आणि जुन्या फुलीच्या चार बोटं वर त्यांनी नवी फुली मारली. "बंद."

अंधारात ती म्हणाली, "अण्णा, हे माझ्या डोळ्यांना बरोबर झालं. मी वीतभर बुटकी आहे तुमच्याहून. तुमच्या खुणेवर घ्या परत."

अण्णांनी दार हातभर उघडलं आणि खिशातून बारीक तारेचं वेटोळं काढलं. ती खाली उतरली आणि टॉर्च धरून त्यांच्या शेजारी बसली. दिव्याच्या स्क्रूंच्या डोक्यांना बारीक भोकं होती. त्यांतून तार ओवायची आणि पीळ घालायचा, म्हणजे इंजिनाच्या थरथरीनं स्क्रू फिरत नाहीत. एकदा पीळ बसला की पुढच्या वर्षापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

तार भोकाच्या शेजारी टेकली. पुन्हा टेकली. तिसऱ्यांदा अण्णांनी डोळे मिटले, बोटाच्या पेरानं भोक चाचपलं, आणि तार सरळ आरपार गेली.

तिनं तोंड उघडलं. "अण्णा, दिव्यांत…"

"टॉर्च खाली धर, डोळ्यात येतोय." पीळ घालता घालता ते म्हणाले, "ते काढलेले दिवे फळीवर नाहीत."

"मी नेले."

"लावून पाहिलेस?"

"हो."

"कसे आहेत?"

तिनं टॉर्च या हातातून त्या हातात घेतला. "चांगले आहेत."

"हं. मीही पाहिले होते, मीटर लावून. मीटर कशाला खोटं बोलेल." त्यांनी तारेचं टोक दुमडून आत दाबलं. "डॉक्टरच्या माणसाला फोन केला सकाळी. म्हटलं, गुरुवारची वेळ दुसऱ्या कुणाला द्या."

अण्णा दुसऱ्या पंखाकडे गेले. उकिडवे बसले, तार ओवली, पीळ घातला, आणि हात कशालाही न लावता उठले.

"गुडघा सुटला वाटतं," ती म्हणाली.

"सकाळपासून बराच आहे तो." त्यांनी दार पुन्हा ओढून घेतलं. "चढ. एकदा लाव. विमान बांधून झाल्यापासून आतच बसलोय मी याच्या. उजेड समोरून कधी पाहिलाच नाही."

ती चढली. मघाशी तिचं लक्ष गेलं नव्हतं, आता टॉर्चच्या उजेडात दिसलं. उजव्या जागेवर, पाठीच्या बाजूला, अण्णांचं जुनं जर्किन घडी घालून ठेवलेलं होतं. बसताना कंबरेला टेकू म्हणून त्यांना लागतं ते.

तिनं बटण वर केलं.

अण्णा डाव्या दिव्यासमोर उभे होते. त्यांची सावली भिंतीवर छतापर्यंत गेली, जुनी फुली तिच्यात बुडाली. त्यांनी तळहात दिव्यापुढे धरला, थंडीत शेकोटीपुढे धरावा तसा. डोळे मिटलेले होते.

"ऊन लागतंय गं," ते म्हणाले.

ती बटणावर बोट ठेवून मोजू लागली. शंभर झाले. एकशेदहा. एकशेवीस झाले.

अण्णा बंद म्हणाले नाहीत. ती पुढे मोजत राहिली.